वडाच्या शेंड्यावरून

फार वर्षांपूर्वी एका रानात कावळा रोज सकाळी वडाच्या शेंड्यावरून सगळ्यांना बातम्या सांगायचा. ज्याचं नाव बातमीत येईल त्यानं पाणवठ्यावर येऊन चारचौघांत उत्तर द्यायचं, हा नियमही त्यानंच घातलेला.

एकदा तो ओरडला, "मुंगसानं टिटवीची अंडी खाल्ली!" झालं, मुंगसाचं पाणी बंद. दोन दिवसांनी टिटवीनं कावळ्याला आपली पिल्लं आणून दाखवली.

तहानलेलं मुंगूस वडाखाली आलं. "कावळेदादा, आता चूक झाली म्हणून सांगा की."

"सांगितलं ना! काल भर दुपारी, खालच्या फांदीवरून. सगळे झोपले होते, त्याला मी काय करू?"

"मग पाणवठ्यावर येऊन तुम्हीही उत्तर द्या."

कावळ्यानं फांदीला चोच पुसली. "ज्याचं नाव बातमीत येतं, त्यानं यायचं. माझं आजवर कधी आलंय का?"