गुरुजींचं जहाजावरचं व्रत

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्यानं ठरवलं, की पुण्य आणि गार वारा ही दोन्ही एकाच तिकिटात मिळवायची. सांगलीतल्या आपल्या ओळखीची साठीपुढची मंडळी त्यानं गोळा केली, मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर खोल्या घेतल्या आणि रोज प्रवचन करायला एका वृद्ध गुरुजींना सोबत घेतलं. मंडळींपैकी कुणीही समुद्रात घोट्याहून खोल पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यामुळे जहाजाविषयी पक्की मतं मात्र प्रत्येकाकडे होती.

या सगळ्यांची देखभाल शार्दूलच्या गळ्यात होती. शार्दूल व्यापाऱ्याचा भाचा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो घरी बसला, तेव्हा सुधारावा म्हणून मामानं त्याला गुरुजींकडे धाडलं. म्हणजे म्हणायला तो गुरुजींचा शिष्य. मनातून त्याला एकही म्हातारा माणूस खरा वाटत नसे, आणि त्यातून गुरुजींनाही सूट नव्हती.

बंदरावर मामानं त्याला बाजूला घेऊन अट सांगितली. "एकाचीही तक्रार आली नाही, तर मार्केट यार्डासमोरचा गाळा तुझा. काढ तुझं ते सहलींचं ऑफिस. तक्रार आली, तर सोमवारपासून वखारीत पोती मोजायची."

शार्दूलला हळदीच्या धुळीनं शिंका यायच्या. त्याहून जास्त त्रास वखारीतल्या उपदेशांनी व्हायचा. तो कामाला लागला.

"मोठ्या बॅगा इथंच ताब्यात घेतात," तो ओरडून सांगत होता. "खोलीत पोचायला संध्याकाळ होईल. औषधं, चष्मा, ओळखपत्र, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा!"

"तू नको शिकवूस आम्हाला," एक काका म्हणाले. "चारधाम केलंय आम्ही."

आणि चारधाम केलेल्या त्या काकांची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत बसून दृष्टीआड झाली. संध्याकाळपर्यंत ते शार्दूलच्या मागे फिरत होते. वय वाढलं की ऐकण्याची शक्ती कानातून आधी जाते की मनातून, याचा अभ्यास शार्दूलनं त्या एका दुपारी पुरा केला.

गुरुजींचं वागणं मात्र चमत्कारिक होतं. त्यांनी खांद्यावरची झोळी कुणाला दिली नाही. व्यापारी ती ओढत "सेवा करू द्या" म्हणत राहिला, गुरुजी ती घट्ट धरून चालत राहिले. "बघा," व्यापारी मंडळींना म्हणाला, "स्वतःचा भार स्वतः वाहणं याला म्हणतात!" मंडळींनी माना डोलावल्या.

मग खोल्या. व्यापाऱ्यानं सगळ्यांसाठी अगदी वरच्या मजल्यावरच्या, अगदी पुढच्या टोकाच्या, सज्जा असलेल्या महाग खोल्या घेतल्या होत्या. गुरुजींनी हट्टानं खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या बरोबर मध्यावरची, खिडकीसुद्धा नसलेली खोली मागून घेतली होती. "वैराग्य पाहायचं असेल तर गुरुजींची खोली बघून या," असं व्यापाऱ्यानं जाहीर केलं, आणि मंडळी खरोखरच गटागटानं खाली जाऊन ती बघून आली. दारापाशी कुणी फूल ठेवलं, कुणी केळं, आणि कुणी गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

रात्रीच्या जेवणाला पंचपक्वान्नं मांडलेली असताना गुरुजींनी दोन कोरडे टोस्ट खाल्ले आणि आल्याचा तुकडा चघळत उठले. दालनभर कुजबुज पसरली. गुरुजींनी व्रत धरलंय!

"मग आपणही धरू या," व्यापारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्रत सुरू झालं. जहाजाच्या स्वयंपाकघरातून साबुदाण्याची खिचडी आली, तुपात न्हालेली. बरोबर बटाट्याची भाजी, वेफर्स आणि घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू. व्रत असल्यामुळे प्रत्येकानं दोनदा घेतलं. मग वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बंद दालनात मंडळी पोथी वाचायला बसली, कारण गुरुजी उघड्या डेकवर खुर्ची टाकून समुद्राकडे एकटक बघत बसले होते, आणि त्यांचं ध्यान मोडणं पाप होतं.

शार्दूल हे बघत होता आणि मनात म्हणत होता, काय ढोंग आहे! थेरडा बरोबर ठिकाणी बसलाय, सगळ्यांना दिसेल अशा.

तेवढ्यात समुद्र उठला.

फार नाही. खलाशांच्या दृष्टीनं ते काहीच नव्हतं, ते शीळ घालत फिरत होते. पण पोथीची अक्षरं पोहू लागली. आधी चारधामवाले काका उठले, मग त्यांच्या शेजारच्या वहिनी, आणि मग व्रत ज्या वाटेनं आत गेलं होतं त्याच वाटेनं बाहेर येऊ लागलं. व्यापारी बादलीला मिठी मारून बसला होता. त्यातून त्यानं डोकं वर काढलं ते शार्दूलवर ओरडायला.

"कसली ही सहल! सोमवारी वखारीत... वखारीत..." पुढचं बादलीत गेलं.

शार्दूल कठड्याला धरत जिना उतरून डेकवर आला.

"गुरुजी, वर सगळे आडवे झालेत."

"आणि तू?"

"मी होतोय."

"मग बस इथं. लांब बघ, पाणी संपून आभाळ लागतं तिथं. बाकी सगळं हलतंय, ती रेघ हलत नाही."

शार्दूल बसला. रेघेकडे बघत राहिला. हळूहळू पोट जागेवर आलं, आणि पोट आलं तसा रागही आला.

"म्हणजे तुम्ही ध्यान नव्हता करत?"

"उलटी थोपवत होतो."

"आणि व्रत?"

"गच्च भरलेलं पोट डोलायला लागलं की काय होतं, ते तुझा मामा सांगेल."

"ती खोली?"

"बागेतली फळी पाहिलीस ना? टोकांवरची पोरं वर-खाली होतात. मध्ये उभा राहिलेला जागचा हलत नाही. जहाजाचंही तसंच. मध्यावर आणि खाली हेलकावा कमी. तरुणपणी मी कोकणात बोटीनं जायचो. पहिल्या खेपेला माझी दशा तुझ्या मामाहून वाईट झाली. दुसऱ्या खेपेला खलाशाला विचारलं."

"आणि झोळीत काय आहे?"

"औषधं. बॅगा संध्याकाळी मिळतात, तूच ओरडत होतास की."

शार्दूल उभा राहिला. "मग हे सगळं आधी सांगायला तोंडाला काय झालं होतं तुमच्या? माझा गाळा गेला ना!"

गुरुजींनी रेघेवरची नजर काढली नाही. "खोल्या घेतल्या त्या दिवशी तुझ्या मामाला म्हणालो, शेठ, खोली मधली घ्या. वाक्य पुरं व्हायच्या आत तो पाया पडला. पाया पडणाऱ्याचे कान जमिनीला लागलेले असतात, शार्दूल. त्याला वरचं ऐकू येत नाही. त्यांनी मला संत ठरवलं, तू ढोंगी ठरवलंस. दोन्हींत सोय एकच. विचारावं लागत नाही. माणूस चमत्कारिक वागताना दिसला, तर 'का' एवढं एक अक्षर उच्चारायला काय श्रम पडतात? पण तेवढे श्रम वाचवण्यासाठी माणसं आयुष्यभर हार घालतात, नाहीतर शिव्या घालतात."

शार्दूलला ते लागलं. पण तोही सहज सोडणारा नव्हता. "हार मात्र तुम्हाला आवडत होता."

गुरुजी खळखळून हसले. "होता की! झेंडूचा होता, ताजा. म्हणून थोडा गप्प राहिलो, हेही खरं. आता ऊठ. आलं झोळीत आहे."

"तुम्हीच चला. तुमचं ऐकतील."

"माझं ऐकणार नाहीत, माझ्या पाया पडतील. आणि ओकणाऱ्या माणसानं वाकणं बरं नव्हे."

शार्दूल वर गेला. गुरुजींची आज्ञा आहे, एवढं म्हटलं असतं तरी सगळे रांगत निघाले असते. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही. त्यानं ते गिळले.

"पोथ्या मिटा. हे दालन सोडा. खाली उघड्या डेकवर चला."

"शिक्षण धड पुरं केलं नाहीस," काका कण्हत म्हणाले, "आणि आम्हाला..."

"थांबा हो तुम्ही," कोपऱ्यातून आवाज आला. इंदूमामीचा, व्यापाऱ्याच्या बायकोचा. तिचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला होता. "का रे शार्दूल? खाली का बरं वाटेल?"

पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. शार्दूलनं फळीचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. मामी पदर खोचून उठली. तिच्यामागे वहिनी उठल्या. काकांना कुणी विचारलं नाही, म्हणून तेही उठले.

थोड्या वेळानं डेकवर खुर्च्यांची रांग लागली होती. सगळे एका दिशेला तोंड करून, आलं चघळत, नाटकाचा पडदा उघडायची वाट बघावी तसे बसले होते. ज्यांचं थांबेना त्यांना शार्दूलनं जहाजावरच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. "पुढच्या खेपेला गोळी निघायच्या आधी घ्या," डॉक्टर म्हणाले, "नंतर घेतली तर ती माशांनाच मिळते." हे ऐकून वहिनी इतक्या हसल्या, की त्यांना बरंच वाटू लागलं.

दुपारी गोव्याचा किनारा दिसला तेव्हा व्यापारी कठड्याला धरत धरत आला आणि गुरुजींच्या पायांशी वाकू लागला. गुरुजींनी त्याचा खांदा पकडला.

"आधी विचारा, शेठ. मग वाका."

व्यापारी तसाच अर्धवट वाकलेला राहिला. विचारायची सवय सुटून किती वर्षं झाली होती कोण जाणे. त्यानं गुरुजींकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि शेवटी भाच्याकडे वळला.

"काय रे, परतीला... जेवायचं काय?"

"वरण-भात, थोडा. उपास बंद."

"आणि इथं उतरल्यावर उशीर झाला तर?" काकांनी विचारलं.

"जहाज थांबत नाही, काका. सांगितलेल्या वेळेआधी परत यायचं. घड्याळ दाखवा तुमचं, बरोबर आहे का बघू."

मग प्रश्नांची झुंबडच उडाली. मामा बाजूला उभा राहून ती बघत होता. झुंबड ओसरल्यावर तो शार्दूलला म्हणाला, "सोमवारी वखारीत ये."

शार्दूलचा चेहरा पडला. तो वळून जाऊ लागला. चार पावलं गेला आणि थांबला.

"का?"

"गाळ्याची किल्ली तिथं खिळ्याला अडकवलीय," मामा म्हणाला.

रेघेकडे बघत बसलेल्या गुरुजींच्या मिशा जराशा हलल्या.

जहाजावर पहिल्यांदा निघालात तर खोली मधली घ्या, आलं जवळ ठेवा, आणि कुणी शहाणा माणूस विचित्र वागताना दिसला, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याच्या शेजारी बसा.