पाच फुल्यांचा अंगरखा

राजे गंभीरराव अंगरख्यात शिरले, ते बाहेरच येईनात. खालून शिरले होते. गळा कुठे, बाही कुठे, काही उमगेना. आतून नुसता आवाज येत होता. अखेर प्रधानाने हात घालून चाचपलं आणि राजांना डाव्या बाहीतून ओढून काढलं.

अंगरखा मोबाइलवरून मागवलेला होता. हल्ली राजेसुद्धा तिथूनच मागवतात. मापाच्या जागी एक फुली, दोन फुल्या, तीन फुल्या असं काहीबाही होतं. राजांना वाटलं, जितक्या फुल्या तितका मान मोठा. त्यांनी पाच फुल्यांवर बोट ठेवलं. राजवाड्यात शिवणटिपण करणारी हौसा तेव्हा समोरच होती. ती म्हणाली होती की आधी टेपने पोट मोजू, मग माप टाकू, आणि खाली अटी लिहिल्यात त्याही वाचू.

राजे म्हणाले, "राजा अटी घालतो. वाचत नाही."

आणि 'मान्य'वर अंगठा दाबून मोकळे झाले.

आता एवढा अंगरखा आला, तर मुकाट्याने घडी घालून ठेवावा की नाही? नाही. राजाची निवड चुकते कशी? त्यांनी गळ्यापाशी लोंबणारी चिठ्ठी फाडून टाकली, चार नोकरांना टोकं धरायला लावली आणि तशातच जेवायला बसले. अर्धी आमटी पानात गेली, अर्धी अंगरख्यावर. हात धुवायला उठले, तेव्हा पायात पाय अडकून शेजारी मांडलेल्या तीन पाटांवरून गडगडत गेले. मग मात्र म्हणाले, हा अंगरखा दुकानाला माघारी द्या.

दुकानाचा पार्सलवाला आला. त्याने अंगरखा उलटापालटा केला, वास घेतला आणि सांगितलं की घडी मोडलेला कपडा दुकान माघारी घेत नाही. चिठ्ठी फाडलेला घेत नाही. आमटी सांडलेला तर नाहीच नाही. तसं लिहिलेलं आहे, आणि खाली महाराजांचाच अंगठा आहे.

राजांनी तोफेच्या तोंडी द्यायची धमकी दिली. पार्सलवाला म्हणाला, खुशाल द्या, पण तक्रार नोंदवायची तर वेगळा नंबर आहे. आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मोठ्या माणसाला राग आला की तो कुणावर निघतो, हे काय मी सांगायला हवं? राजे हौसावर उखडले. पार्सल तिने उघडलं, घडी तिने मोडली, निस्तरायचंही तिनेच! प्रधानाने समजावून पाहिलं, की घडी तर महाराजांच्या हुकमानेच मोडली. पण राजांनी कागद ओढला, चार शब्द खरडले, शिक्का मारला आणि घडी घालून प्रधानाच्या हातात दिला. उद्या दरबार भरेपर्यंत काम झालं नाही, तर वाड्यामागची हौसाची खोली काढून घेणार. त्या खोलीत हौसा, तिची सासू, शिवणयंत्र आणि दोन शेळ्या राहत. खोली गेली तर चौघी रस्त्यावर, यंत्र डोक्यावर.

हौसाने हुकूम मागून घेतला. उलगडून वाचला, पुन्हा वाचला, आणि अंगरखा खांद्यावर टाकून घरी निघाली. अर्धा अंगरखा तिच्यामागून फरफटत गेला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हौसा काखेत गाठोडं घेऊन उभी. गाठोड्यातून अंगरख्याची जर दिसली, तसे राजे ओरडले, "अंगरखा इथेच आहे अजून? शिपाई, खोली रिकामी करा हिची."

हौसा म्हणाली, "खोली पळून जात नाही महाराज. आधी हुकूम वाचून घ्या."

तिने दिलेला कागद प्रधानाने मोठ्याने वाचला, "हौसाने दरबार भरेपर्यंत अंगरखा परत करावा."

"केला," म्हणत हौसाने गाठोडं सोडलं. आतून अंगरखा निघाला. तोच रंग, तीच जर, पण राजांच्या जुन्या अंगरख्यावर ठेवून कापलेला, नव्याने शिवलेला. आमटीचा भाग कातरून टाकलेला. राजांनी नाही नाही म्हणत हात घातला, तर अंगावर असा बसला की जणू अंगाबरोबरच आला होता.

"अगं पण परत म्हणजे माघारी!"

"हुकमात माघारी कुठंय? आमटी खारट झाली की तुम्ही आचाऱ्याला काय सांगता? आमटी परत कर. तो काय डाळ शेतात नेऊन देतो? परत करतो. मीही अंगरखा परत केला."

सगळा दरबार राजांच्या तोंडाकडे बघू लागला. राजांनी मिशी चावली.

"मग मी हुकूमच माघारी घेतो. दे इकडे. नवा लिहितो."

हौसाने प्रधानाच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"घ्या की. पण लिहिताना बघून लिहायचं होतं, महाराज. आता त्याची घडी मोडलीय."

आधी राजांची मिशी थरथरली, मग पोट गदगदलं, आणि राजे सिंहासनाचा हात धरून असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता विचारलं, एवढा मोठा कपडा होता, उरलेला कुठे गेला? तेवढ्यात दारातून दोन शेळ्या आल्या, पाठीवर जरीच्या झुली घालून. राजे पुन्हा सुरू झाले.

"माग, हौसा. काय हवं ते माग."

"खोली माझ्या नावावर करा," हौसा म्हणाली, "आणि सासूला वेगळी द्या."

राजे सिंहासनावरून घसरून खालीच बसले. अंगरख्याचा एक टाका उसवला नाही. आणि सासूला त्याच दिवशी वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला खोली मिळाली.