शेजारच्या टेबलाचं टायट्रेशन

“मग दर वेळी तिलाच एक मार्क जास्त कसा पडतो, मामा?”

सुपडूमामा पिपेटा पुसत होते. हात थांबला नाही.

विचारणारा पराग चौधरी. तालुक्याच्या शाळेत बारावीला. पाचवीपासून पहिला. यंदा रेश्मा तडवी वर्गात आली आणि रसायनाच्या तिन्ही चाचण्यांत तो दुसरा झाला. सोमवारी प्रात्यक्षिकाची चाचणी. तीही हातची गेली तर पहिला नंबर परत येणार नव्हता. हे त्याला कळत होतं.

मामा प्रयोगशाळेचे शिपाई. शिक्षण चौथी. पण तीस वर्षं सगळी द्रावणं त्यांच्याच हातची. नवे सरसुद्धा त्यांना विचारून बाटलीला हात लावत.

“सर तिला आधी प्रश्न सांगतात का?”

“नाही.”

“मग ती करते काय?”

“तूच सांग. तुला ठाऊक दिसतंय.”

परागला खरंच ठाऊक होतं.

“पहाटे साडेचारला उठते. चौथ्या धड्याची गणितं दोनदा सोडवलीत. सूत्रं भिंतीवर चिकटवलीत. सहावा धडा रविवारी संपवला. तिच्या बहिणीला विचारलं मी.”

“आणि तुझा कितवा चाललाय?”

परागनं वही पाठीमागे धरली.

“वही दाखव.”

गृहपाठ तिसऱ्या धड्यापाशी थांबला होता. पुढची पानं कोरी. शेवटच्या पानावर मात्र रेश्माचे मार्क होते. तारखेनिशी. लाल शाईत, खाली रेघ मारून.

मामांनी वही परत दिली.

“एवढा अभ्यास तिचा केलास. परीक्षेला तीच विषय म्हणून घे.”

पराग लाजला नाही. चिडला.

“टायट्रेशन मला तिच्यापेक्षा चांगलं येतं. आजवर कुणी आम्हाला शेजारी उभं करून बघितलंच नाही.”

“असं?”

“हो.”

“थांब मग.”

थोड्या वेळानं रेश्मा सरावाला आली. मामांनी दोघांना शेजारशेजारची टेबलं दिली. प्रत्येकाला आम्लाची एक बाटली. खाली पात्रात त्यातलं आम्ल, वर ब्युरेटच्या नळीत कॉस्टिक सोडा.

“गुलाबी झाक आली आणि टिकली की थांबायचं. बोलायचं नाही.”

थेंब पडू लागले…

नऊ पॉइंट सहा मिलिलिटर. परागच्या पात्रात फिकी गुलाबी झाक आली. त्यानं पात्र हलवलं. झाक टिकली. त्यानं तोटी बंद केली.

मग शेजारी पाहिलं.

रेश्माचं पात्र पाण्यासारखं. ती अजून एकेक थेंब सोडत होती. घाई नाही. मान वर नाही.

परागनं परत आपलं पात्र पाहिलं. ही कधी चुकत नाही… म्हणजे आपणच लवकर थांबलो.

त्यानं तोटी पुन्हा उघडली. आता डोळे तिच्या ब्युरेटच्या आकड्यांवर.

मामा खिडकीपाशी उभे होते. पाहत होते.

“झालं, मामा. बारा पॉइंट एक,” रेश्मा म्हणाली.

“माझंही! बारा पॉइंट एकच!” परागचा आवाज चढला होता.

रेश्मानं त्याच्या पात्राकडे पाहिलं.

“अरे, हा तर राणी कलर झाला! साडी रंगवतोस का?”

ती हसली आणि ब्युरेट धुवायला नळावर गेली.

मामांनी दोन्ही पात्रं पांढऱ्या फरशीवर ठेवली. एक जेमतेम गुलाबी. एक भडक.

परागनं दोन्ही बाटल्या उचलून पाहिल्या.

“बाटल्यांतलं आम्ल कमी-जास्त तीव्र होतं?”

“तीस वर्षं प्रत्येकाची बाटली वेगळीच भरतो.”

“म्हणजे माझं नऊ पॉइंट सहालाच बरोबर आलं होतं.”

मामांनी रेश्माचं पात्र बाजूला सरकवलं.

“तुम्ही बघत होतात. तेव्हाच सांगितलं का नाही?”

मामांनी त्याचं पात्र उचललं आणि मोरीत उपडं केलं.

“रंगानं सांगितलं होतं.”