कासवबुवांची नजर

रानात लढाईसुद्धा शिस्तीत व्हायची, तेव्हाची गोष्ट. एक चाल पाणवठा बळकावायला आलेल्या तरसाची, मग एक पाणवठ्याच्या राखणदारांची. पाणवठा गेला तर उन्हाळ्यात सगळ्यांचेच घसे कोरडे पडणार, म्हणून राखणदार कासवबुवांच्या जोडीला परक्या रानातून साळू साळिंदर आली.

बुवांना ती पाठीशी नको होती. "शत्रू निदान समोर दिसतो. पाठीत काटे कोण खुपसेल, ते कुठं दिसतं?"

साळू त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. नव्या जागी अशा नजरा असायच्याच.

तरस एक चाल पुढे आला. बुवांनी आपली चाल मागे वळून साळूला न्याहाळण्यात घालवली. पुढच्या वेळीही तेच. आता तरस त्यांना उताणं पाडणार, एवढ्या जवळ आला.

"बुवा, ही चाल माझी," साळू म्हणाली. "मी पुढे उभी राहते, तोंड तुमच्याकडे करून. मग बघत बसा खुशाल!"

तिने काटे तरसाकडे केले. तिचं मऊ तोंड धरायला तरस वळसा घालून आला, तर तिथे बुवांच्या पाठीची ढाल. मागे फिरून पुन्हा झेपावला, तर नाकात काटे. कण्हत पळाला.

सगळं रान म्हणालं, "काय जोडी जमली!"

"जोडी कसली? मी तिच्यावर लक्ष ठेवून होतो," बुवा म्हणाले.

"ठेवा की," साळू पाणी पिता पिता म्हणाली. "तरस पुन्हा येईलच."