लेकीच्या मशाली

“म्हणजे बुवा, आधी तीर वाचवायचे की आधी औषध?”

गोसाव्याने धुनीत एक काटकी सरकवली.

विचारणारे होते तारळेकरसाहेब. खेळातही त्यांनी हेच नाव घेतलं होतं, ‘साहेब’सकट. आम्ही बाकीचे कुणी काळभुजंग, कुणी वज्रमूठ. आणि त्यात हे तारळेकरसाहेब, अंगात चिलखत, पाठीवर स्वतःएवढी झोळी.

‘धुकेरी’ नावाच्या त्या खेळात पहिल्या गावाच्या वेशीबाहेर एक धुनी आहे. आपापल्या घरी संगणकापुढे बसलेले आम्ही नवखे तिथं जमायचो. धुनीजवळ बसलं की खेळातला सूर्य जागचा हलत नाही, लांडगे फिरकत नाहीत. मग कोण उठतंय तिथून!

गोसावी मात्र नवखा नव्हता. सगळा खेळ पालथा घातलेला जुना खेळाडू. खरं नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही विचारायचो, तो सांगायचा. म्हणजे, मनात आलं तर.

“मारलेला तीर उचलून आणता येतो,” तो शेवटी म्हणाला. “प्यायलेलं औषध संपतं.”

“म्हणजे औषध वाचवायचं.”

“म्हणजे औषध वेळेवर प्यायचं.”

साहेबांना ते काही पटलं नाही.

“बुवा, मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो. उभा जन्म धरणाचं पाणी वाटलं. नियोजन म्हणजे काय, ते निदान मला तरी…”

“पाणी साठवायचात कशाला?”

“उन्हाळ्यासाठी.”

“उन्हाळा लागला हे कसं कळायचं?”

“कळायचं म्हणजे? लोक यायचे की ऑफिसवर, घसा फोडून ओरडत.”

गोसाव्याने त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याकडे पाहिलं.

“झोळी दाखवा.”

साहेबांनी झोळी उलटी केली. आम्ही बघतच राहिलो. औषधाच्या कुप्यांचा ढीग. मशालींची मोळी. घोंगडी. घोडा बोलवायची शिट्टी. खाली दबलेल्या भाकऱ्या, बुरशी येऊन हिरव्या पडलेल्या. या खेळात भाकरी शिळी होते. बाकीचं टिकतं.

“एवढं आणलंत कुठून?” मी विचारलं. मला एक शिट्टी मिळवायला सबंध दिवाळीची सुट्टी घालवावी लागली होती.

“मुलीनं पाठवलं. ऋजुतानं. जर्मनीत नर्स आहे ती.” साहेबांचा आवाज मऊ झाला. “हा खेळ तिचाच. म्हणाली, बाबा, फोनवर आपण ‘जेवलास का’च्या पुढं जात नाही, तर इथं भेटू. तू रान ओलांडून नदीवर ये, मी पलीकडे थांबते. तिकडं एक तळं आहे म्हणे, त्याच्या काठानं चालू… आणि वाटेत माझी अडचण नको म्हणून दर रविवारी काहीतरी पाठवते. किती करते हो पोरगी! तिची आई गेल्यापासून माझं एवढं कुणी बघितलं नव्हतं.”

“यातलं वापरलंत काय?” गोसाव्याने विचारलं.

“छे! तिनं दिलेलं असं उधळायचं होय? जसंच्या तसं आहे सगळं.”

मला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. मामानं दिलेला टी-सेट आमच्या आईच्या कपाटात अजून खोक्यातच आहे.

“ती नदीवर थांबते म्हणालात,” गोसावी म्हणाला. “कधी?”

“दर रविवारी. आत्ताही थांबलीय. उद्यापासून तिची रात्रपाळी सुरू होते, मग आमच्या वेळाच जुळायच्या नाहीत. म्हणून आज जायचं म्हणजे जायचंच.”

“मग?”

“थोडी तयारी राहिलीय. इथले ससे मारून आणखी दोन लेव्हल वर गेलो की निघालोच. अर्ध्या वाटेत मेलो तर तिलाच मला शोधत यावं लागेल. पोरीच्या डोक्याला आणखी माझा ताप नको… आणि घाई नाही तशी. नदी ओलांडायची होडी सूर्य बुडेपर्यंत असते. इथं सूर्य हलतच नाही.”

“तिच्याकडचा हलतो का?”

साहेबांनी डोंगरावरच्या सूर्याकडे पाहिलं.

“आज लवकर झोपायचंय तिला,” ते हळूच म्हणाले. “बुवा, मग सांगा ना पटकन दोन-चार युक्त्या. नवख्याला झेपतील अशा.”

गोसावी उठला. शेजारचा कमंडलू उचलला आणि धुनीवर उपडा केला.

आम्ही सगळे एकदमच ओरडलो. धुनी विझवता येते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. धूर उठला. कित्येक दिवस डोंगराच्या वर अडकलेला सूर्य खाली घसरायला लागला. रानात एक लांडगा ओरडला.

“अहो, हे काय केलंत!” साहेब किंचाळले. “त्या रानात भर दिवसा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही! जाऊ कसा आता?”

गोसाव्याने ढिगाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी एक मशाल उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

“ही तिनं पहिल्यांदा पाठवलेली…”

आणि पेटवली.

तेवढ्यात साहेबांच्या घरात फोन वाजला. त्यांना फोन स्पीकरवर टाकायची सवय, आणि खेळातला माईक बंद करायची सवय नाही. त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

“बाबा! पेटवलीस? मशाल पेटवलीस तू?”

“तुला कसं गं कळलं?”

“घंटा वाजली ना इथं! आपण दिलेली वस्तू कुणी वापरली की वाजते. तुला माहीत नव्हतं?”

“नाही गं…”

“मला वाटलं तुला यातलं काही आवडतच नाही. मी आपली उगीच मागे लागलेय तुझ्या. आज शेवटचं थांबायचं, मग ‘ये’ नाही म्हणायचं परत, असं ठरवलं होतं… बाबा, मी नदीच्या घाटावरच आहे. ये ना.”

साहेबांकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

मग त्यांनी शिट्टी फुंकली. घोडा आला.

“वाजली!” फोनमधून ऋजुता म्हणाली.

घोंगडी पांघरली.

“वाजली!” आता ती हसत होती, आणि मधेच रडतही होती.

साहेबांनी एक कुपी उघडली आणि घटाघटा पिऊन टाकली. अंगावर साधा ओरखडा नसताना.

“बाबा, अरे जखम तरी होऊ दे!”

मी हेडफोन काढून डोळे पुसले. गोसाव्याचे आभार मानावेत असं मला फार वाटलं. पण ते अजून राहूनच गेलेत, म्हणून इथं मानतो.

रानाच्या तोंडाशी साहेबांनी घोडा थांबवला. मागं वळले. सूर्य डोंगराला टेकला होता.

“बुवा, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसतात तर मी इथंच ससे मारत बसलो असतो… पण एक सांगा. नदी येईस्तोवर ही झोळी पार रिकामी होईल की हो माझी!”

गोसावी ओल्या राखेत नव्या काटक्या रचत होता. त्याने मान वर केली नाही.

“होऊ दे,” तो म्हणाला. “भरल्या झोळीत लेकीनं घालायचं काय?”