पुरणपोळीची तोंडी परीक्षा

फलटणच्या किणीकर सरांच्या इंग्रजी संभाषण वर्गात त्या दिवशी पाहुणचाराचा सराव होता. पाहुणी झालेली बाई “नो, थँक यू” म्हणाली, तरी यजमानीण झालेल्या इंदूताई भोइटे तिला वाढतच राहिल्या.

सर कडाडले, “हा गावंढळ आग्रह इथं चालायचा नाही! इंग्रजीत एकदा नो म्हटलं की विषय संपला. सुधारला नाहीत तर सर्टिफिकेट विसरा.”

तोंडी परीक्षा ठरली इंदूताईंच्याच घरी. सर आले, तेव्हा पुरणाचा वास पार दारापर्यंत पोचला होता.

“वुड यू लाइक सम पुरणपोळी, सर?”

आता पहिल्याच विचारण्याला हो कोण म्हणतं? सर संकोचून हसले. “नो, थँक यू.”

“ओके, सर,” म्हणत इंदूताईंनी तुपानं थबथबलेली पोळी सरळ आत नेली.

सर खाकरले. त्यांनी छताकडे बघितलं. शेवटी राहवेना. “अहो, पुन्हा एकदा विचारायची पद्धत असते!”

“परीक्षा इंग्रजीत आहे ना, सर? भूक मराठीत लागली असेल, तर आधी मला पास करा.”

सरांनी झटकन सर्टिफिकेटवर सही केली आणि अस्सल मराठीत “नको, नको” म्हणत चार पोळ्या संपवल्या.