समुद्राघरी दिलेली येसू

एकदा काय झालं, पार उत्तरेला, जिथं डोंगर आभाळाला टेकतात, तिथं धुरपदा नावाची एक म्हातारी राहायची. तिला एकुलती एक लेक, येसू. आणि ती दिली कुणाला? तर समुद्राच्या मुलाला! दिल्या घरी येसू सुखात होती हो, पण माहेर केवढं लांब! वर्षातून एकदाच यायला मिळायचं, ऐन थंडीत. त्यात समुद्राघरची रीत अशी, की सुनेनं रिकाम्या हातानं माहेरी जायचं नाही. मग येसू डोक्यावर पाण्याच्या घागरींची उतरंड घ्यायची आणि वादळ होऊन निघायची.

इकडं म्हातारीचे डोळे वाटेला लागलेले. भाकरी थापता थापता म्हणायची, "येसू आत्ता काय करत असेल गं बाई?" घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणायची.

आता त्या गावात आपल्यासारखा पाऊस नाही, बरं का. थंडीत डोंगरावर बर्फ साठायचा, उन्हाळ्यात तो हळूहळू वितळायचा, त्याचा झरा व्हायचा आणि त्या झऱ्यावर सगळं गाव जगायचं.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा आला. येसू घोंघावत डोंगरावर आली. म्हातारीला काय करू अन् काय नको असं झालं. तिनं चूल धडधडून पेटवली. लांबून आलेल्या लेकीच्या पायावर कढत पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, हे काय तिला कुणी शिकवायला हवं? तिनं हंडाभर कढत पाणी येसूच्या पायावर ओतलं, तिला पोटाशी धरलं. मग झालं काय, त्या उबेनं येसू विरघळली! डोक्यावरच्या घागरी भडाभडा सांडल्या. बर्फाच्या जागी पाऊस कोसळला. नवा बर्फ पडायचा राहिला बाजूला, आधीचा होता तोही धुऊन गेला. उन्हाळ्यात झरा आटला. गावाची गुरं हंबरायला लागली.

गावचा पाटील काठी आपटत आला. "धुरपदे, तुझी माया तुझ्यापाशी, पण आमची पोरं तहानेली आहेत. पुढच्या खेपेला दार लावून बस."

मग दुसरा हिवाळा आला. म्हातारीनं दाराला कडी घातली. बाहेरून हाक आली, "आई, कडी काढ ना गं!" म्हातारीनं पदर तोंडात कोंबला, पण ओ दिली नाही. पोरांनो, आपल्या लेकीला ओ न देणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला आत्ता नाही कळायचं. येसू बराच वेळ थांबली. मग रुसली आणि भरल्या घागरी तशाच घेऊन डोंगरापलीकडं निघून गेली. जाताना चिमूटभर बर्फ सांडला, पिठासारखा भुरभुरीत. तोही वाऱ्यानं उडवून नेला. झरा पुन्हा कोरडा. आता गाव उठून जायच्या गोष्टी करायला लागलं.

म्हातारीला अन्न गोड लागेना. बोलावलं तरी वाईट, हाकललं तरी वाईट! विचार करकरून तिचं डोकं शिणलं.

मग तिसरा हिवाळा आला. म्हातारीनं काय केलं? चुलीवर पाणी ओतलं. दार सताड उघडलं आणि गोधडी पांघरून, कुडकुडत, अंगणात जाऊन बसली.

येसू आली. लांबच थबकली. "आई, चूल का गं विझवलीस?"

"तुझ्यासाठीच, बाळा."

"जवळ येऊ?"

"नको. तिथूनच बोल. आधी डोक्यावरचा भार उतरव."

येसूला सगळं उमगलं. ती एकेक घागर उतरवायला लागली, आणि सासरचं एकेक सांगायला लागली. म्हातारी हुं हुं करत ऐकत होती. तिचे हात लेकीच्या गालासाठी आसुसले होते. ते तिनं गोधडीत घट्ट दाबून धरले. आणि बर्फ पडत राहिला. भुरभुरीत नाही, ओला, जड, थरावर थर घट्ट बसणारा. वारा आला, ढकलून बघितलं, हरला आणि गेला. सगळ्या घागरी रित्या झाल्या तशी येसू हलक्या पावलांनी सासरी गेली. एकदासुद्धा लेकीला हात न लावता म्हातारी घरात आली आणि खूप रडली.

मग वैशाख आला. वर ऊन तापलं. एका सकाळी म्हातारीच्या दारापुढं झुळुझुळु आवाज झाला. म्हातारी धावली. झऱ्याचं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, गालाला लावलं, कवटाळलं. "आलीस गं माझी बाई!" म्हणाली. आता तिला हात आवरायचं काही कारण नव्हतं. तिनं पोटभर लाड केले, आणि मग पाणी खाली गावाकडं जाऊ दिलं.

गाव कुठं उठून गेलं नाही. गुरं प्यायली, शेतं पिकली, माणसं पोटभर जेवून सुखानं झोपली. तुम्हीही झोपा आता. पांघरूण घ्या नीट.